पाय काय करत होता

गाडी सावरायला शिकवणाऱ्या सकाळच्या वर्गात नेहमीसारखं एकेकाला 'इथं का आलात' विचारत ती फळ्याकडे वळली होती, तेवढ्यात मागच्या बाकावरून उत्तर आलं, "माझी गाडी एकदा वळणात अचानक सुटली होती. मागून. काही कळायच्या आत." हातातलं मार्कर फळ्यावर टेकलेलं होतं ते तसंच टेकून राहिलं आणि त्याच्याखाली निळा ठिपका फुगत गेला. आवाज ओळखायला तिला मागे वळावं लागलं नाही. तो आता जाड झाला होता, त्याला पोट सुटल्यासारखं झालं होतं, पण 'अचानक' म्हणताना मध्येच थबकायची जुनी लकब जशीच्या तशी होती. खूप वर्षांपूर्वी तिच्या घरच्या बैठकीच्या खोलीत, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, हा माणूस हाच शब्द असाच थबकत म्हणाला होता; आणि तिच्या आईने, जिचा मुलगा त्याच अपघातात जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते, त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं होतं, तुझा तरी जीव वाचला रे राजा. ती तेव्हा शाळेत होती. दातांना तारा, नाकावर घसरणारा चष्मा. आईने पाणी आणायला सांगितलं म्हणून ती आत गेली, पेला भरला, त्यात थुंकली, बोटाने ढवळलं आणि बाहेर नेऊन त्याच्यापुढे धरला. तो घटाघट प्यायला. ती शेवटच्या घोटापर्यंत बघत उभी राहिली. पेला रिकामा झाला आणि तिच्या आत काहीही भरलं नाही, याचं तिला त्या वयातही नवल वाटलं होतं.

"मॅडम, तुमचा पेन गळतोय," पुढच्या बाकावरची दातांची डॉक्टर म्हणाली. वर्ग हसला. तीही हसली, ठिपका पुसला आणि वळली. तोच होता. कपाळ मागे सरलेलं, मनगटावर मोठं घड्याळ, बाकावर नव्या गाडीची किल्ली सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं आणि ओळखलं नाही. ओळखणार कसा? तो घरी यायचा तेव्हा त्याला तिचा भाऊच दिसायचा. दोघांचं जेवण, दोघांचं हसणं, दोघांच्या गाड्यांच्या गप्पा, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून. भावाला सगळे भुंगा म्हणत, कारण लहानपणापासून तो तोंडाने इंजिनाचे आवाज काढत घरभर फिरायचा, आंघोळ करतानासुद्धा गिअर बदलायचा. ती त्याच्या मागे मागे, म्हणून ती माशी. "ए माशे, फूट इथून," एवढंच हा माणूस तिच्याशी आयुष्यात बोलला होता. "सोबत कोणी होतं गाडीत?" तिने विचारलं. आपला आवाज इतका सपाट निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "होता एक मित्र," तो म्हणाला आणि घड्याळ सारखं केलं. एक मित्र. ती थांबली. नाव येईल म्हणून वाट पाहिली. नाव आलं नाही, आणि दातांच्या डॉक्टरने मध्येच विचारलं, "पण मॅडम, अशा स्पोर्ट्सच्या गाड्या अचानक सुटतात का? एवढ्या महागाच्या असून?"

मग ती नेहमीचं सांगू लागली. हे सांगणं तिला इतकं पाठ होतं की तोंड बोलत राहिलं आणि ती आतून रिकामी त्याच्याकडे पाहत राहिली. एका काखेत मूल घ्या, दुसऱ्या हातात पिशवी, आणि आता दाराचं कुलूप उघडा, ती म्हणाली. काहीतरी सुटणारच. टायरचं तसंच आहे. त्याची पकड ठरावीक. तीच वळायला, तीच ढकलायला, तीच थांबायला. साध्या गाडीत पुढची चाकं ओढतात, मागची नुसती मागून येतात. या गाड्यांत पुढच्यांनी फक्त वळायचं, आणि मागच्यांनी गाडी ढकलायचीही आणि वळणात धरूनही ठेवायची. वळणातून बाहेर पडताना जास्त पाय दाबलात, तर त्यांचं सगळं बळ ढकलण्यात जातं, धरायला उरत नाही. टायर रुंद, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर ते तरंगतात. थंडीत लाकडासारखे होतात. आणि साधा टायर सुटण्याआधी कुरकुर करतो, नाराजी दाखवतो, तसं यांचं नाही. हे निमूट सहन करतात आणि मग एकदम सोडतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं माणूस असेल तर त्यांना कळेल. वर्ग पुन्हा हसला. तोही हसला. आणि सगळ्यात जास्त वेळा, असं म्हणून ती थांबली, कारण इथं ती नेहमी पायाचं सांगत असे. वळणात वेग जास्त झालाय असं वाटतं, माणूस घाबरतो आणि एक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढून घेतो. गाडीचा भार पुढे धावतो, मागची बाजू टाचा उचलल्यासारखी हलकी होते, आणि हलकं चाक काय धरणार? भिऊन मागे घेतलेला पाय. हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. "सगळ्यात जास्त वेळा," ती म्हणाली, "ते बाहेर मैदानावर कळतं. चला."

मैदान म्हणजे एक गुळगुळीत गोल, सतत फवाऱ्यांनी भिजवलेला, भोवती नारिंगी शंकू. फवारे सांभाळणारे काका आपल्या पत्र्याच्या खोलीतून वॉकीटॉकीवर "मॅडम, पाणी सोडलं" म्हणाले. एकेक जण संस्थेच्या जुन्या गाडीत बसला. ती शेजारी. गाडीतले आपोआप सावरणारे सगळे मदतनीस एका बटणाने बंद केलेले, तिच्या पायाशी एक जादा ब्रेक. गोलावर वेग वाढवत जायचं, गाडी सुटेपर्यंत. सुटली की जिथे थांबेल तिथे इंजिन बंद करायचं आणि मग तिचे तीन प्रश्न. डोळे कुठे होते? हात काय करत होते? पाय काय करत होता? ही तिची पद्धत, तिची एकटीची. टायर कंपनीत चाचण्या घेण्याची नोकरी सोडून इथं आल्यावर तिने ती बसवली होती. माणसं डोळ्यांचं खरं सांगतात, हातांचंही बहुतेक खरं सांगतात. पायाचं कोणीच सांगत नाही. खोटं बोलतात असं नव्हे. पाय खाली अंधारात असतो, भीती आधी त्याच्याकडे पोचते, आणि तो काय करून बसला ते वर कोणाला कळवत नाही. "पाय? पाय होता की तिथंच," दातांची डॉक्टर शपथेवर म्हणाली होती आणि मग दुसऱ्या फेरीत स्वतःच किंचाळली, "अगं बाई, मीच काढतेय की!" असं स्वतःहून कळेपर्यंत ती कोणाला सांगत नसे. कळलं की माणूस बदलायचा. तेवढ्यासाठी तिला हे काम आवडायचं.

त्याची पाळी आली. तो शेजारी बसला आणि त्याच्या अंगाचा वास आला. महागड्या अत्तराखालचा, जुना, भावाच्या खोलीत दोघं असताना यायचा तोच. तिची छाती जड झाली होती. लेकीला सकाळी पाजून ती निघाली होती आणि दुपारची वेळ जवळ येत होती. गाडी गोलावर फिरू लागली. त्याचे हात चांगले होते, हे तिला रागानेच मान्य करावं लागलं. वेग वाढला. मग त्याच्या मांडीचा स्नायू दचकला, पाय उचलला गेला, इंजिनाचा आवाज पडला आणि मागची बाजू ओल्या फरशीवरच्या साबणासारखी सरकत पुढे आली. गाडी गिरकी घेऊन उलट तोंड करून थांबली. तो हसला. "बघा! असंच. अचानक."

भावाच्या अपघातातही आधी आवाज बंद झाला होता, आणि मग टायरांची किंचाळी. रस्त्याकडेच्या घरात कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने ते ऐकलं होतं, आणि नंतर कोणी न बोलावता घरी येऊन तिच्या आईला सांगितलं होतं: गाडी एवढी गुरगुरत येत होती हो, वळणावर एकदम गप्प झाली, मी म्हटलं बरं झालं, हळू केली, आणि मग ती किंचाळी. आई ते वर्षानुवर्षं सांगत आली होती, जशी एखादी खूण सांगावी तशी, देवाने क्षणभर सगळं शांत केलं होतं म्हणून. आणि ती, कंपनीच्या चाचणीपट्टीवर पहिल्यांदा स्वतः पाय काढून गाडी मुद्दाम सुटू द्यायला शिकली त्या दिवशी, कानांवर हेल्मेट असूनही तो आवाज पडलेला ऐकून, गाडीतून उतरून गवतावर ओकली होती. तेव्हापासून तिला माहीत होतं. गाडीने दगा दिला नव्हता. रस्त्याने नाही, पावसाने नाही. याच्या पायाने. आणि तेव्हापासून रात्रीबेरात्री कूस बदलताना, बाळंतपणाच्या कळांतसुद्धा एकदा, तिचं याला मनात शेकडो प्रकारे मारून झालं होतं. आता तो हाताच्या अंतरावर बसला होता, आणि तिच्या लक्षात आलं की काहीच करायची गरज नाही. फक्त तिसरा प्रश्न विचारायचा नाही. "डोळे कुठे होते?" तिने विचारलं. "हात?" त्याने नीट सांगितलं. "छान," ती म्हणाली. "चांगली चालवता तुम्ही. चला, पुढचे." तो खूश झाला. ती मात्र जागच्या जागी बसून राहिली, एका थंड, स्वच्छ समाधानात, जसं उन्हाळ्यात फरशीवर पाठ टेकावी तसं. जा बाबा. जा तुझ्या नव्या गाडीतून. एखादं वळण तुझी वाट बघत असेलच कुठेतरी. ते माझ्यापेक्षा नीट विचारेल.

दुपारी आईचा फोन आला. "बाटलीतलं दूध संपवलं हिने, आणि आता माझ्या पदराला चोखतेय. तू निघतेस ना?" मागे लेकीचं रडणं ऐकू आलं आणि कपड्यांच्या आत ओल पसरली. "निघते आई," ती म्हणाली. आज कोण आलं होतं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, अगं, त्याला घरी का नाही बोलावलंस? प्रशिक्षणार्थी पांगत होते. फाटकापाशी एक भाड्याची गाडी थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरली, कडेवर बाळ, खांद्यावर फुगलेली पिशवी. "अहो!" तिने हाक मारली, आणि तो धावत गेला, बाळाला घेतलं, हवेत उचललं. बाळाने लगेच गाडीची किल्ली तोंडात घातली. त्याची गाडी काळी, बसकी, मागे नावापुरत्या दोन जागा. त्यांतल्या एकीवर बाळाची खुर्ची पट्ट्यांनी आवळलेली.

"तुम्हीच का मॅडम? पास झाले का आमचे हे?" बाई हसत जवळ आली. "माझीच सक्ती होती बरं का. नवी गाडी हवी तर आधी शिकून या म्हटलं. आता इथूनच माहेरी निघालोय, डोंगरापलीकडे. तिकडे पाऊस आहे म्हणतात." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं आणि आवाज खाली आणला. "मागे एकदा फार वाईट झालंय ना यांच्या हातून. म्हणजे हातून नाही. तो मित्रच घाबरला आणि त्याने स्टिअरिंगला हात घातला. हे कोणाला सांगत नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं, म्हणतात."

तिने मान हलवली. आतून काहीतरी निसटलं, आवाज न करता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की याने भुंग्याला विसरून टाकलंय. पण याने त्याला कामाला लावलं होतं. मेलेल्या माणसाला गाडी चालवायला बसवलं होतं. बाळ आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होतं, लाळेने ओली किल्ली पुढे धरून, घे म्हणत. आणि तिला स्वतःची कीव आली, कारण त्या परक्या, त्याच्या बाळाकडे बघूनसुद्धा दूध दाटून आलं होतं. या शरीराला वैर म्हणून कळत नाही. पुढ्यात कोणाचंही पोर आलं की झालं. याला असा सोडला तर डोंगरातल्या पहिल्याच ओल्या वळणावर तो पाय उचलणार, आणि मागच्या खुर्चीवर हे. नाही, तिने स्वतःलाच दात खाऊन सांगितलं, एवढ्या सहज मी त्याला सुटू देणार नाही. ते वळण जे करेल ते 'अचानक'च असेल. उरलेल्या आयुष्यात हा पुन्हा कोणाच्या तरी घरी प्लास्टर घालून बसेल, पाणी पिईल. "सर," तिने हाक मारली. "तुमची एक फेरी राहिली आहे. तुमच्या गाडीत."

"राहिली? मॅडम, तुम्हीच तर छान म्हणालात."

"म्हणाले. पण गाडी तुमची वेगळी आहे. बाळाची खुर्ची काढून ठेवा बाहेर."

फवारे पुन्हा सुरू झाले. बायको बाळ घेऊन शंकूंच्या पलीकडे उभी राहिली. या गाडीत जादा ब्रेक नव्हता. तिने पट्टा आवळला, मदतनीसांचं बटण दाबून धरलं, त्याच्यापुढचा पिवळा दिवा लागला. "वाढवा," ती म्हणाली. "अजून. अजून." तिच्या आवाजात असं काही होतं की त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात भीती त्याच्या पायाशी पोचली. गाडी गिरकली; मैदान, शंकू, बायको, फवारे, पुन्हा शंकू. थांबली. त्याने इंजिन बंद केलं.

"डोळे?" "पुढच्या वळणाकडे." "हात?" "स्थिर होते." "पाय?"

"पाय होता तिथंच."

"पुन्हा."

पुन्हा. पुन्हा तसंच. "पाय?" "मॅडम, तिथंच होता, खरंच." "मग डोळ्यांचं, हातांचं सोडा. कान लावा. आधी काय होतं ते मला सांगा. गाडी जाते की आवाज पडतो?" तो हसायला गेला पण त्याला ते जमलं नाही. तिसऱ्यांदा गाडी सुटली तेव्हा ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. थांबल्यावर त्याने इंजिन बंद करायला हात नेला आणि हात तिथेच राहिला. काचेवर फवाऱ्याचं पाणी टपटपत होतं.

"आवाज पडतो," तो म्हणाला. "आधी आवाज पडतो." आणि मग स्वतःशीच, "तिथल्या एक बाई पोलिसांना सांगत होत्या... गाडी आधी गप्प झाली म्हणून. मला तेव्हा कळलं नव्हतं त्या काय म्हणतायत."

"आमच्या आईलाही त्यांनी येऊन तेच सांगितलं," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. बराच वेळ बघत राहिला, चेहऱ्यावरून चष्मा, तारा, दाराची चौकट शोधत. "माशी?" त्याचे ओठ नुसतेच हलले. तिने हो म्हटलं नाही. इतकी वर्षं धरलेलं सगळं एकदम वर आलं, आणि बाहेर पडताना मात्र प्रश्नच झाला, तिच्या पद्धतीचा. "त्याने स्टिअरिंगला हात घातला असं म्हणता ना तुम्ही. कुठल्या बाजूला फिरवलं त्याने?"

"म्हणजे?"

"हात आठवतात माणसाला. आठवा. मागची बाजू कुठे गेली होती?"

"उजवीकडे." तो म्हणाला. "उजवीकडे गेली आणि त्याचा हात आला... चाक खेचलं त्याने..." त्याचा स्वतःचा हात हवेत उचलला गेला आणि वळला. हात उजवीकडे वळला. जिकडे मागचं जातं तिकडे; सगळ्यांना ती शिकवते तसं, एकालाही पहिल्या वेळी जमत नाही तसं. भुंग्याला कोणी शिकवलं नव्हतं. आंघोळीच्या बादलीशेजारी गिअर बदलत तो हे शिकला असेल. तो गाडी सावरत होता. शेवटपर्यंत तो या माणसालाही सावरत होता. हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत होताच इतकं दुखलं की तिने दाराच्या हँडलला घट्ट धरलं. शेजारी तो तोच हात अजून हवेत धरून त्याच्याकडे बघत बसला होता.

"गाडी सुरू करा," ती म्हणाली.

"माशी, मी... मला खरंच—"

"सुरू करा. तुम्हाला डोंगर उतरायचाय, मागे पोर आहे. भीती वाटेल. वाटू द्या. पाय ठेवायचा. डोळे वळणावर."

गाडी फिरू लागली. वेग वाढला. तो क्षण आला. तिला त्याच्या मांडीत तो दिसला, पाय उचलू पाहणारा, जुना, पळपुटा. उचलला गेला नाही. इंजिन एकाच सुरात गुरगुरत राहिलं, मागची बाजू जराशी थरथरली, विचार करावा तशी थांबली आणि जमिनीला धरून बसली. गाडी वळत राहिली. किती सोपं होतं. एवढंच होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं: तेही त्याच्या चेहऱ्यावर उमटत होतं, हळूहळू, की एवढंच होतं. गालांवरून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण हात चाकावर ठेवायला हवे होते, डोळे वळणावर, पाय तिथंच. शंकूंच्या पलीकडे त्याची बायको बाळाचा हात धरून हलवत होती, टाटा, टाटा. प्रत्येक फेरीला ती दोघं समोरून यायची आणि जायची, आणि प्रत्येक फेरीला त्याच्या तोंडून लहानसा आवाज निघायचा. तो थांबत नव्हता. कदाचित थांबल्यावर काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. कदाचित तो तिच्या 'थांबा'ची वाट पाहत होता. तिची छाती दगड झाली होती, घरी लेक आजीच्या पदराशी रडत असणार.

वॉकीटॉकी खरखरली. "मॅडम, झालं का? पाणी बंद करू?"

तिने बटण दाबलं. "राहू द्या काका," ती म्हणाली. "राहू द्या चालू."